बुटाच्या लेस धुवायच्या कशा: आधी लेस कशाची आहे ते बघा, मग पाणी

बूट धुताना बहुतेक जण लेस बुटातच ठेवतात, वरून ब्रश फिरवतात आणि झालं म्हणतात. बूट वाळला की मग लक्षात येतं, बूट चकाचक आणि लेस मात्र तशीच करडी, आणि भोकांच्या आत जिथे ती दुमडलेली असते तिथे तर काळी पट्टी जशीच्या तशी. मग कुणी सांगतं ब्लीचमध्ये टाका, कुणी सांगतं उकळा, कुणी म्हणतं मशीनमध्ये कपड्यांसोबत फिरवा, आणि या सगळ्यात एक लेस आकसते, दुसरी पिवळी पडते, तिसरीचं टोक सुटून झिपऱ्या निघतात. माझं मत विचाराल तर मळाने जेवढ्या लेस जात नाहीत त्यापेक्षा जास्त चुकीच्या धुण्याने जातात, आणि चूक बहुतेक वेळा एकच असते, लेस कशाची आहे ते न बघताच ती पाण्यात घातली जाते.

धुणं फक्त दिसण्यासाठी असतं असंही नाही हं. लेसच्या विणीत बारीक वाळू आणि धूळ जाऊन बसते, चालताना प्रत्येक पावलाला लेस भोकातून किंचित मागेपुढे सरकते आणि ती वाळू पॉलिश पेपरसारखी आतून धागा घासत राहते. म्हणून तर ट्रेकिंगच्या बुटांच्या लेस बहुतेक वेळा भोकापाशीच तुटतात, मधे मोकळ्या भागात क्वचितच. म्हणजे धुतलेली लेस टिकते पण जास्त.

लेस कशाची आहे ते ओळखा

बॉक्सवर किंवा पाकिटावर लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला, पण ते आपण कधीच फेकून दिलेलं असतं. मग हात आणि डोळे वापरायचे.

कॉटनची लेस हाताला मऊ आणि कोरडी लागते, चकाकी नसते, आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की लगेच आत शोषला जातो. पॉलिएस्टर जरा गुळगुळीत, हलकीशी चमक, थेंब थोडा वेळ वर बसतो. नायलॉन त्याहून सुळसुळीत आणि ओढलं तर किंचित ताणतो, ट्रेकिंगच्या गोल जाड लेस बऱ्याचदा नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरच्या असतात. वॅक्स लावलेली लेस कडकसर असते, नखाने खरवडलं की पांढुरकी रेघ उमटते, पाणी तिच्यावरून घरंगळून जातं. फॉर्मल बुटांना ज्या बारीक गोल लेस येतात त्यातल्या बऱ्याच अशा असतात. चामड्याची ओळखायला काही लागत नाही, वासावरूनच कळते. इलॅस्टिकची ओढून बघितली की झालं.

तरीही शंका असेल आणि टोकाला जास्तीचा धागा लोंबत असेल तर तेवढा धागा कापून जाळून बघता येतो. स्टीलच्या ताटलीत, चिमट्याने धरून, शेजारी पाणी ठेवून, आणि खिडकी उघडी ठेवून करायचं, लहान मुलं आसपास नकोत. कॉटन कागदासारखा जळतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून आकसतात आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो, तो गरम असताना बोटाला अजिबात लावू नका, चिकटतो आणि चांगलंच भाजतं. चामड्याला केस जळाल्यासारखा वास येतो. कॉटन-पॉलिएस्टर मिक्स असेल तर थोडी राख थोडा मणी असं होतं, अशी लेस पॉलिएस्टर समजूनच धुवा, सेफ राहतं.

रंगीत लेस असेल तर अजून एक गोष्ट. पांढरं फडकं ओलं करून लेसच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर मिनिटभर दाबून ठेवा. फडक्यावर रंग आला तर ती लेस एकटीच धुवायची, थंड पाण्यात, आणि भिजत ठेवायची नाही.

बुटातून काढणं, हेही शिकण्यासारखं आहे

काढायच्या आधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, विशेषतः सहा-सात जोड भोकं असतील किंवा काही वेगळ्या पद्धतीने ओवलेली असेल तर. नाहीतर दोन बुटांपैकी एकाचीच आधी काढा, दुसरा समोर नमुना म्हणून राहतो.

लेस ओढताना टोकाच्या प्लास्टिकच्या नळीला धरून ओढू नका. बोट लेसच्या आडव्या भागाखाली घालून एकेक ओळ सैल करत वर या, मग आरामात निघते. नळीला धरून हिसका दिला की आधी नळीच सैल होते आणि एकदा ती गेली की लेस परत ओवणं म्हणजे डोक्याला ताप. गाठ घट्ट बसली असेल तर दातांनी नाही, बोथट सुई किंवा मोठी यू-पिन गाठीच्या मधे घालून हळूहळू ढिली करायची, नायलॉनची गाठ तर दोन्ही बाजूंनी लेस गाठीच्या आत ढकलली की पटकन सुटते.

चिखल ओला असेल तर थांबा. ओला चिखल चोळला की विणीच्या अजून आत जातो. पूर्ण वाळू द्या, मग लेस हातात चुरगाळा, झटका, कोरड्या ब्रशने घासा, अर्ध्याहून जास्त घाण पाण्याशिवायच निघते, आणि ज्यांना फार घाई असते ते नेमकी हीच पायरी गाळतात.

कॉटन आणि पॉलिएस्टर: रोजची धुलाई

स्पोर्ट्स शूज, कॅनव्हास, शाळेचे बूट, सगळ्यात जास्त लेस या दोन प्रकारातल्या. पद्धत बरीचशी सारखीच आहे, फरक शेवटी सांगते.

१. एका वाडग्यात साधारण लिटरभर कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे हात आरामात बुडेल इतकं, ३० ते ४० डिग्री. त्यात कपड्याचं लिक्विड अर्धा चमचा, जास्त नको. पावडर वापरत असाल तर ती आधी पूर्ण विरघळवा, न विरघळलेले कण विणीत अडकले की वाळल्यावर पांढरे डाग पडतात.

२. लेस त्यात पूर्ण बुडवा, हाताने दोन-चार वेळा दाबून आतली हवा बाहेर काढा आणि २० ते ३० मिनिटं भिजू द्या. रात्रभर भिजवायची गरज नाही, उलट सुटलेला मळ परत लेसवरच बसायला लागतो. पाणी काळं झालं तर ते फेकून नवीन घ्या आणि परत दहा मिनिटं.

३. आता घासणं. चपटी लेस असेल तर ती सपाट पृष्ठभागावर आडवी पसरा, एका हाताने टोक धरा आणि मऊ टूथब्रशने लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला ब्रश करत जा, मग उलटून दुसरी बाजू. आडवं घासलं की विणीचे धागे उचकटतात आणि लेस केसाळ दिसायला लागते. गोल लेस असेल तर ब्रशपेक्षा तळहातांवर साबण घेऊन दोन हातांमधे वळवत वळवत पुढे सरकवा, सगळीकडून सारखी निघते. जिथे भोकांची काळी वर्तुळं उमटलेली असतात तिथे भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब थेट टाकून पाच मिनिटं थांबा, त्या काळ्यात धुळीसोबत पॉलिशचं तेल आणि धातूचा अंश पण असतो, नुसत्या कपड्याच्या साबणाला ते लवकर दाद देत नाही.

४. विसळणं. इथे कंजूसपणा नको. फेस दिसायचा बंद झाला की अजून दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, लेस दाबल्यावर येणारं पाणी हाताला गुळगुळीत लागलं तर साबण अजून आत आहे समजा. पांढऱ्या लेस धुतल्यावर पिवळ्या पडल्या अशी तक्रार जी सगळे करतात त्याचं मोठं कारण हेच, आत राहिलेला साबण वाळताना वरच्या थरात येतो आणि पिवळा पडतो.

५. पिळायची नाही. कोरड्या टॉवेलवर लेस सरळ ठेवा, टॉवेल गुंडाळा, वरून दाबा, पाणी टॉवेल ओढून घेतो. मग लेस दोन्ही टोकांना धरून हलकेच सरळ करा, चपटी असेल तर बोटांमधून एकदा दाबून काढा म्हणजे वाळल्यावर इस्त्री केल्यासारखी बसते.

६. सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळत घाला. दोरीवर अर्ध्यावर दुमडून टाकली तरी चालते, फक्त लोखंडी तारेवर नको, गंजाचा डाग पडतो.

आता फरक. साध्या हवेत ठेवलेला कॉटन आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल हवेतूनच धरून ठेवतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून पॉलिएस्टरची लेस दोन-तीन तासात वाळते आणि कॉटनची वरून कोरडी वाटली तरी आत ओली असते, ती तशीच ओवून बूट कपाटात ठेवला की कुबट वास आणि काळे ठिपके. तिला पूर्ण दिवस द्या. पण कॉटन ओला असताना कमजोर होत नाही, उलट थोडा मजबूत होतो, त्यामुळे घासायला घाबरू नका. त्याची अडचण आकसण्याची आहे, कडक गरम पाणी आणि ड्रायर दोन्ही टाळले तर सहसा काही होत नाही. पॉलिएस्टरचं उलटं, पाण्याशी त्याचं जमत नाही पण तेल मात्र तो पटकन धरतो, त्यामुळे तेलकट डाग जुना होऊ देऊ नका. इस्त्री करायचीच असेल तर सगळ्यात कमी तापमानावर आणि वर सुती कापड ठेवून, टोकाची नळी इस्त्रीखाली येऊ देऊ नका.

पांढरी लेस परत पांढरी करायची असेल तर

याच्यावर जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

पहिली निवड ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे ज्याच्या पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं ते. पाण्यात गेलं की ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असं सुटं होतं, आणि मळाचा रंग पेरॉक्साइड घालवतं. थंड पाण्यात ते फार हळू काम करतं, त्यामुळे ४० ते ६० डिग्रीचं पाणी लागतं. कॉटनला ६० चालतं, पॉलिएस्टर आणि नायलॉनला ४० च्या आसपास ठेवा. पाकिटावर दिलेलं प्रमाण घ्या, एक ते दोन तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवून भरपूर विसळा. चामडं आणि वॅक्सच्या लेसला हे अजिबात नाही. आणि हे मिश्रण बंद बाटलीत भरून ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

क्लोरीनवालं ब्लीच, म्हणजे त्या तिखट वासाचं, हे फक्त शंभर टक्के कॉटनच्या पांढऱ्या लेससाठी, भरपूर पाण्यात पातळ करून, पाच-दहा मिनिटं, हातमोजे घालून. नायलॉन त्याने पिवळा पडतो, इलॅस्टिक ठिसूळ होतं, रंगीत लेसवर ठिपके पडतात. कॉटनवर सुद्धा सारखं सारखं वापरलं की धागा कमजोर होतो, वरून पांढरी दिसते आणि एक दिवस बांधताना हातात तुटून येते. मला विचाराल तर लेससाठी ते घरात आणूच नये, ऑक्सिजनवाल्याने काम होतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा, क्लोरीनच्या ब्लीचमधे व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या क्लीनरसोबतही नाही. एकच पदार्थ एका वेळी, मधे पूर्ण विसळून.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून फसफसवायचा व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. ते फसफसणं म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवणं, मागे उरतं ते पाणी आणि थोडं मीठासारखं सोडियम अ‍ॅसिटेट, त्याने मळ निघत नाही. वेगवेगळे वापरले तर दोघांचा उपयोग आहे: सोड्याची पेस्ट हलकं घासायला आणि वास घालवायला, आणि व्हिनेगर शेवटच्या विसळण्यात लिटरभर पाण्याला एक-दोन चमचे, साबणाचा उरलेला थर त्याने सुटतो.

टूथपेस्ट कामचलाऊ आहे, तिच्यातले बारीक कण घासून मळ काढतात, पण विणीतून ती पूर्ण विसळायला फार वेळ जातो आणि राहिली तर पांढरा भुगा दिसतो. रंगीत लेसवर नकोच.

नायलॉन

धुण्याची पद्धत वरचीच, तीन गोष्टी वेगळ्या. एक, नायलॉन दुसऱ्या कपड्यांचा सुटलेला रंग पटकन धरतो, एकदा गुलाबी किंवा करडी झालेली पांढरी नायलॉनची लेस परत पांढरी करणं फार अवघड, त्यामुळे एकटीच धुवा. दोन, उन्हात वाळवू नका, सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू पिवळा आणि कमजोर होतो, एका दुपारीत नाही पण दर वेळी उन्हात टाकत गेलात तर नक्की. तीन, ट्रेकिंगच्या जाड गोल लेसमधे आत वेगळी दोरी आणि वर विणलेलं आवरण असतं आणि वाळू त्या दोघांच्या मधे जाते, म्हणून ती पाण्यात असताना दोन्ही हातांनी जवळ ढकलायची, आवरण फुगतं, सैल होतं, मग वाहत्या पाण्याखाली धरायची. असं पूर्ण लांबीभर केलं की वाडग्याच्या तळाशी जमलेली रेती तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

वॅक्सच्या लेस

या भिजवायच्या नाहीत. बुटातून काढा, थंड पाण्यात फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि लेस त्या फडक्याच्या घडीतून ओढा, दोन-तीन वेळा. मळ जास्त असेल तर फडक्यावर सौम्य साबणाचा एक थेंब. गरम पाणी का नाही, तर मधमाशीचं मेण ६२ ते ६४ डिग्रीला वितळतं आणि पॅराफिनचे काही प्रकार त्याच्या बरेच खाली, आणि वितळायच्या आधीच मेण मऊ होऊन धूळ धरायला लागतं.

वापरून वापरून मेण निघून गेलं की लेस मऊ पडते, केसाळ होते, गाठ नीट बसत नाही. तेव्हा मेणाची वडी घ्या, लेस तिच्यावर अंगठ्याने दाबून ओढा, दोन्ही बाजूंनी, मग सुती कापडात धरून जोरात चार-पाच वेळा घासा, घर्षणाच्या उष्णतेने मेण आत मुरतं. हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर लांबून मारला तरी चालतो. काळ्या लेसवर पांढरट मेण दिसू शकतं, थोडं परत घासलं की जातं.

चामड्याच्या लेस

चामड्याचे दोन शत्रू, खूप पाणी आणि उष्णता, आणि दोघं एकत्र आले तर सगळ्यात वाईट, ओलं चामडं गरम झालं की आतली रचनाच आकसते आणि मग ते काही केल्या पूर्वीसारखं होत नाही. आर्मेनियातल्या अरेनी नावाच्या गुहेत २००८ मधे एक चामड्याचा बूट सापडला, साधारण ५५०० वर्षांपूर्वीचा, चामड्याच्याच दोरीने ओवलेला, आणि तो इतका चांगला राहिला याचं मोठं कारण म्हणजे ती गुहा थंड आणि कोरडी होती. तेवढी दोन पथ्यं आपणही पाळायची.

लेस आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मग फडकं किंचित ओलं करून पुसा, मळ असेल तर सॅडल सोप किंवा चामड्याचा क्लीनर, फेस फडक्यावर करायचा, लेसवर थेट पाणी ओतायचं नाही. लगेच दुसऱ्या स्वच्छ ओलसर फडक्याने साबण पुसून घ्या. सरळ ताणून, पण हलकेच, सपाट जागी खोलीच्या तापमानाला वाळू द्या. हीटर, ड्रायर, कडक ऊन नको. पूर्ण वाळल्यावर लेदर कंडिशनर बोटावर अगदी थोडं घेऊन पूर्ण लांबीला चोळा, रात्रभर राहू द्या, सकाळी जास्तीचं पुसा. जास्त लावलं की लेस मऊ होऊन ताणली जाते आणि गाठ सुटायला लागते, म्हणून थोडंच. स्वयंपाकाचं तेल लावू नका, काही आठवड्यात खवट वास येतो आणि धूळ चिकटते.

पावसात चिंब भिजली असेल तरी घाबरू नका, टॉवेलने टिपा, वाळवा, आणि पूर्ण कोरडी व्हायच्या थोडं आधी कंडिशनर लावा म्हणजे कडक होत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

इलॅस्टिक: थंड नाहीतर कोमट पाणी, सौम्य साबण, घासताना ताणू नका, सपाट ठेवून वाळवा, लटकवू नका. क्लोरीन आणि ड्रायर दोन्ही बंद.

केव्हलारसारख्या अ‍ॅरामिड धाग्याच्या, कामाच्या बुटात येतात त्या: मूळ रंगच पिवळसर सोनेरी असतो, पांढरी करायला जाऊ नका. आगीत हा धागा वितळत नाही पण ऊन आणि क्लोरीन मात्र त्याला कमजोर करतात, गंमत आहे. साधा साबण, कोमट पाणी, सावली.

अंधारात उजेड पडला की चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह लेस: ब्रश नको, हाताने हलकं चोळा, घासलं की वरचा चमकणारा थर निघतो. सॅटिनच्या रिबनवाल्या: थंड पाण्यात दोन मिनिटं, चोळायचं नाही, टॉवेलमधे दाबून लगेच सरळ वाळवा. ताग किंवा हेंपच्या: कॉटनसारख्याच, पण पहिल्या धुण्यात रंग सुटतो म्हणून एकट्या.

हट्टी डाग

रक्त लागलं असेल तर थंडच पाणी, गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन धाग्यावर घट्ट बसतं. थंड पाण्यात भिजवा, मग एन्झाइमवाला डिटर्जंट. गवताचा हिरवा डाग पण एन्झाइमवाल्यानेच बराच जातो, राहिला तर ऑक्सिजन ब्लीच. तेल, ग्रीस: पाणी लावायच्या आधी कोरड्या लेसवरच भांड्यांचं लिक्विड चोळून दहा मिनिटं ठेवा, मग कोमट पाणी. पेनाची शाई: खाली टिश्यू ठेवून वरून सर्जिकल स्पिरिटने टिपत जा, टिश्यू बदलत रहा, चोळलं तर पसरते, रंगीत लेस असेल तर आधी कोपऱ्यात बघा.

गंज हा मात्र वेगळा आहे. भोकांच्या धातूच्या रिंगा गंजल्या की लेसवर नारिंगी ठिपके येतात आणि लोक त्यावर ब्लीच टाकतात, क्लोरीनच्या ब्लीचने तो डाग अजून पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ, किंवा सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून अर्धा तास, मग विसळा, गरज पडली तर परत. पण रिंग गंजलेलीच राहिली तर डाग परत येणार, त्यामुळे ती आधी कोरडी घासून साफ करा.

मशीनमधे टाकू का?

कॉटन, पॉलिएस्टर, नायलॉन टाकता येतात, पण मोकळ्या टाकायच्या नाहीत. मोकळी लेस शर्टाच्या बाह्यांना आणि बटणांना गुंडाळली जाते, कधी ड्रमच्या कडेला अडकते. चेनवाली जाळीची पिशवी, नाहीतर जुना मोजा, त्यात लेस घालून तोंडाला गाठ. जेंटल सायकल, ३० डिग्री, सारख्या रंगाच्या कपड्यांसोबत, नायलॉनची मात्र एकटीच. ड्रायरमधे टाकू नका, टोकाची नळी मऊ होऊन वाकडी होते आणि कॉटन आकसतो.

सॉफ्टनर मात्र लेसला कधीच नको, मशीनमधेही नाही आणि हातानेही नाही. तो धाग्यावर गुळगुळीत थर देतो, घर्षण कमी होतं, आणि गाठ तर घर्षणावरच टिकते ना. बुटाची गाठ आपोआप का सुटते यावर बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मधे अभ्यास प्रसिद्ध केला होता, पळणाऱ्याचे बूट हाय-स्पीड कॅमेऱ्याने टिपून. पाय जमिनीवर आदळतो तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट झटका बसतो, त्याने गाठ सैल होते, आणि पाय पुढे जाताना लोंबणारी टोकं तिला ओढत राहतात. त्यात लेस बुळबुळीत असेल तर मग बघायलाच नको. साबण पूर्ण विसळा म्हणते त्याचं हे दुसरं कारण.

टोकं सांभाळा

नळी तडकली असेल तर झिपऱ्या निघायच्या आधीच दुरुस्त करा. सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे इलेक्ट्रिकच्या कामात वापरतात ती उष्णतेने आकसणारी प्लास्टिकची नळी, हीट श्रिंक ट्यूब. लेसपेक्षा किंचित मोठ्या मापाची घ्या, साधारण दोन सेंटीमीटरचा तुकडा, टोक पाण्याने ओलं करून पीळ द्या, नळीत घाला आणि लायटरची ज्योत जवळून, पण न टेकवता फिरवा, घट्ट बसते. ती नसेल तर पारदर्शक टेप अरुंद कापून घट्ट गुंडाळा, तात्पुरतं चालतं. पॉलिएस्टर आणि नायलॉनचं टोक ज्योतीने नुसतं वितळवूनही बंद करता येतं, गरम असताना बोटाने आकार द्यायचा मोह टाळा, चिमटा वापरा. कॉटनचं टोक जळतं, वितळत नाही, तिथे बारीक दोरा घट्ट गुंडाळून वर फेविकॉलसारख्या गोंदाचा किंवा नेलपॉलिशचा थर द्या.

परत ओवताना

लेस आणि बूट दोन्ही पूर्ण कोरडे हवेत. ओवताना लेस थोडी सरकवून घ्या, म्हणजे आधी जो भाग भोकात होता तो आता बाहेर येईल असं, दोन सेंटीमीटरने सरकवली तरी पुरे, टोकं किंचित कमीजास्त होतात पण झीज एकाच जागी होत नाही. चपटी लेस प्रत्येक भोकातून आल्यावर पीळ सोडवून सपाट करायची, पिळलेल्या भागात मळ लवकर बसतो.

किती दिवसांनी धुवायचं ते बूट किती वापरता त्यावर आहे, रोजच्या बुटांच्या महिन्यातून एकदा, समुद्राच्या वाळूत गेलात तर घरी आल्यावर लगेच, चिखलात गेलात तर तो वाळला की लगेच. समुद्राच्या पाण्यात भिजली असेल तर साबण नसला तरी गोड्या पाण्यातून काढाच, वाळल्यावर मिठाचे खडे धाग्यात टोचत राहतात आणि रिंगाही गंजतात.

लेस भोकापाशी केसाळ होऊन बारीक झाली असेल किंवा आतली दोरी दिसायला लागली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, बदला, डोंगरावर किंवा कामाच्या जागी तुटली तर पाय मुरगळतो. नवीन घेताना जुनी सरळ ताणून मोजा, धुवून आकसली असेल तर तेवढं वाढवून. पाच-सहा जोड भोकांच्या बुटाला साधारण ११५ ते १२० सेंटीमीटर लागते. आणि नवीन घातलेली लेस जर थोड्याच दिवसात त्याच भोकापाशी परत केसाळ झाली तर दोष लेसचा नाहीये, त्या रिंगेच्या आतून बोट फिरवून बघा, कुठेतरी धार लागेल, बारीक पॉलिश पेपर गुंडाळून ती धार घासून काढा आणि मगच दुसरी लेस ओवा.